औषध समुद्रात, फाईल सर्व्हरवर: स्पंजमधल्या बॅक्टेरियाच्या जीनोमवर हक्क कुणाचा?

१७ जानेवारी २०२६ ला एक आंतरराष्ट्रीय करार लागू झाला. तुमच्या फीडमध्ये तो दिसला नसेल तर नवल नाही. त्यात ना नवा फोन लाँच होत होता, ना रिचार्ज महागत होता. ‘हाय सीज ट्रीटी’ हे त्याचं बोलीतलं नाव. कुठल्याच देशाच्या हद्दीत न येणाऱ्या समुद्राचं काय करायचं, याचे नियम त्यात आहेत. जिथे थोडीफार चर्चा झाली तिथे ती संरक्षित क्षेत्रांची झाली, व्हेलचे फोटो लागले, विषय संपला.

मला मात्र त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो चक्क डेटाबद्दल आहे. समुद्रातल्या एखाद्या जिवाचा डीएनए वाचला की एक टेक्स्ट फाईल तयार होते. ती फाईल कुणाची? तिच्यावरून उद्या कुणी औषध बनवलं आणि पैसे कमावले, तर त्यातला वाटा कुणाला द्यायचा? फोटो, गाणी, चॅट यांच्या मालकीवरून आपण रोज भांडतो. आता तेच भांडण बॅक्टेरियाच्या जीनोमपर्यंत पोचलंय.

आणि हे भांडण आत्ताच का, याचं उत्तर आपल्या औषधांच्या डब्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२५ मध्ये एक अहवाल दिला. २०२३ साली जगभरात प्रयोगशाळेत पक्क्या झालेल्या बॅक्टेरियाच्या दर सहा संसर्गांपैकी एक अँटिबायोटिकला दाद देत नव्हता. आपला भारत ज्या आग्नेय आशिया गटात मोडतो, तिथे हेच प्रमाण दर तिघांत एक आहे. ‘लॅन्सेट’मधल्या अभ्यासानुसार २०२१ साली जगात ११.४ लाख मृत्यू थेट अशा हट्टी जंतूंमुळे झाले. म्हणजे जुनी औषधं बोथट होतायत आणि नवी येत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ जमिनीवरची माती सोडून समुद्रात उतरले, आणि तिथे त्यांना स्पंज भेटला.

न पळणारा प्राणी

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्राण्यांचं वर्गीकरण सुरू होतं ते रंध्रीय प्राण्यांपासून. सायकॉन, युस्पाँजिया, ‘आंघोळीचा स्पंज’. एक मार्काचा प्रश्न, आणि आपण पुढच्या संघाकडे जातो. पण थांबून बघण्यासारखा प्राणी आहे हा. तोंड नाही, पोट नाही, मेंदू नाही, चेतातंतू नाहीत. एका जागी चिकटून बसायचं आणि अंगावरच्या हजारो बारीक छिद्रांतून पाणी आत घ्यायचं, त्यातले जंतू गाळून खायचे, उरलेलं पाणी वर सोडून द्यायचं. स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी तो दिवसभरात गाळतो.

आता गंमत बघा. जो प्राणी बॅक्टेरिया खाऊन जगतो, त्याच्याच अंगात बॅक्टेरिया भाड्याने राहतात. काही जातींमध्ये तर स्पंजच्या एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वजन या भाडेकरूंचंच असतं. ते खाल्ले कसे जात नाहीत? याचा एक धागा त्यांच्या जीनोममध्येच सापडला. अँकिरिन नावाच्या साच्याची प्रथिनं बनवणारी जनुकं त्यांच्यात भरपूर आहेत. ही प्रथिनं प्राण्याच्या पेशींमधल्या प्रथिनांसारखी दिसतात आणि गिळणाऱ्या पेशीला गोंधळवतात. सोसायटीच्या गेटवर ‘मी इथलाच’ म्हणून आत शिरणाऱ्यासारखा हा प्रकार.

आणि भाडं? भाडं म्हणजे रसायनं. पळता न येणाऱ्या प्राण्याला शत्रूंपासून वाचायचं तर विषारी होण्यावाचून पर्याय नाही. स्पंजमधून गेल्या सत्तर वर्षांत हजारो रसायनं वेगळी केली गेली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्नर बर्गमन या रसायनशास्त्रज्ञाने कॅरिबियन भागातल्या एका स्पंजमधून विचित्र बांधणीचे न्यूक्लिओसाइड शोधले. त्यांच्यावर बेतून सायटाराबिन हे औषध बनलं. १९६९ पासून ते रक्ताच्या कर्करोगावर वापरलं जातं, आजही. म्हणजे ‘समुद्रातून औषध’ ही काही कविकल्पना नाही.

अडचण वेगळीच होती. जपानमध्ये १९८० च्या दशकात हॅलिकाँड्रिन-बी नावाचा कर्करोगविरोधी रेणू सापडला. तो साडेबारा मिलिग्रॅम मिळवायला ६०० किलो स्पंज लागला. चिमटीत मावेल एवढ्या पावडरीसाठी टेंपोभर प्राणी. त्या रेणूचा अर्धा भाग कारखान्यात बनवायची युक्ती सापडली म्हणून २०१० मध्ये त्यातून एरिब्युलिन हे औषध आलं, नाहीतर तो शोध पेपरातच राहिला असता. समुद्र खरवडून औषध करणं हा मार्गच नव्हे.

खरा कारागीर कोण?

बऱ्याच काळापासून संशय होता की ही रसायनं स्पंज बनवतच नाही, आतले बॅक्टेरिया बनवतात. पण सिद्ध कसं करणार? हे बॅक्टेरिया प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढतच नाहीत. त्यांना तोच स्पंज लागतो, तेच शेजारी लागतात, तेच पाणी लागतं.

मग त्यांना न वाढवताच वाचायचं ठरलं. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात काम करणाऱ्या यॉर्न पील यांच्या गटाने २०१४ साली ‘नेचर’मध्ये जे छापलं, ते माझ्या मते या क्षेत्रातलं सर्वात देखणं काम आहे. जपानजवळच्या समुद्रातला थिओनेला स्विन्होई नावाचा स्पंज त्यांनी घेतला. या एकाच प्राण्यातून वेगवेगळ्या बांधणीची भरपूर रसायनं मिळतात, म्हणून तो आधीपासून प्रसिद्ध. त्यातल्या धाग्यासारख्या दिसणाऱ्या बॅक्टेरियाच्या पेशी यंत्राने एकेक करून वेगळ्या केल्या आणि त्यांचा डीएनए वाचला. निघालं काय, तर त्या स्पंजमधून माहीत असलेली जवळजवळ सगळी क्रियाशील पॉलिकेटाइड आणि पेप्टाइड एकाच प्रकारच्या बॅक्टेरियाची कारागिरी होती. शेकडो भाडेकरूंच्या इमारतीत एकच जण सगळ्यांसाठी स्वयंपाक करतोय, असं काहीसं. त्याला नाव दिलं एन्टोथिओनेला. तो आधी माहीत असलेल्या कुठल्याच मोठ्या कुळात बसेना, म्हणून त्याच्यासाठी टेक्टोमायक्रोबिया असं नवं कुळ सुचवलं गेलं.

याचा जीनोम ९० लाख अक्षरांहून मोठा आहे. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायचा साधारण ४६ लाख अक्षरांचा असतो, म्हणजे हा त्याच्या दुप्पट. पण फाईल म्हणून बघा: एका अक्षराला एक बाइट धरला तरी नऊ-दहा एमबी. व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा व्हिडिओ कधीकधी याहून जड असतो! तेवढ्या फाईलमध्ये एक अख्खा औषधांचा कारखाना, रेसिपीसकट.

जाता जाता: लाल समुद्रातल्या याच स्पंजमध्ये राहणारे एन्टोथिओनेला आर्सेनिक आणि बेरियम स्वतःमध्ये साठवून ठेवतात, हेही २०१७ मध्ये दाखवलं गेलं. स्वयंपाकीही तोच आणि कचराकुंडीही तोच.

फाईलमधून औषध कसं ‘शोधतात’

बॅक्टेरियात एक सोयीची सवय असते. एखादं अँटिबायोटिक बनवायला जी दहा-वीस जनुकं लागतात, ती बहुतेक वेळा जीनोममध्ये शेजारी-शेजारी असतात. एका प्रोजेक्टच्या सगळ्या फाइल्स एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्यात तशी. म्हणून सॉफ्टवेअरला ती ओळखता येतात. २०११ पासून अँटीस्मॅश नावाचं एक फुकट वेब टूल हेच काम करतं. जीनोम टाका, ते फोल्डर शोधून देतं आणि यातला कुठला फोल्डर आधीच माहीत असलेल्या औषधाशी जुळतो, तेही सांगतं.

मी ते फोनच्या ब्राउझरमध्येच उघडलं. अकाउंट नाही, पैसे नाहीत. सॅलिनिस्पोरा अरेनिकोला या समुद्री बॅक्टेरियाचा जीनोम सार्वजनिक डेटाबेसमध्ये आहे, त्याचा नंबर टाकला आणि रांगेत थांबलो. निकालाचं पान फोनच्या स्क्रीनसाठी बनवलेलं नाही, झूम करकरून बोटं दुखतात. पण रंगीत बाणांच्या ओळींमध्ये एका ठिकाणी ‘रिफामायसिन’ हे नाव वाचलं, तेव्हा मी ते दोनदा वाचलं.

हे नाव तुमच्या ओळखीचं असायला हवं. क्षयरोगाच्या रोजच्या गोळीतलं रिफाम्पिसिन याच घराण्यातलं. ज्या गोळीने लघवी लाल-केशरी होते, ती. रिफामायसिनचा शोध १९५७ मध्ये इटलीतल्या मिलानच्या एका कंपनीत लागला, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या मातीतल्या बॅक्टेरियातून. पुढे ऑस्ट्रेलियात, ग्रेट बॅरियर रीफवरच्या एका स्पंजमधून सॅलिनिस्पोरा वेगळे केले गेले. तिथल्या संशोधकांनी त्यांचं एक जनुक तपासलं आणि त्यावरून आधी अंदाज बांधला की हे रिफामायसिनसारखं काहीतरी बनवत असणार. मग रसायन तपासलं, ते खरंच निघालं. २००६ ची गोष्ट आहे ही. आधी फाईल वाचली, मग रेणू सापडला, असा उलटा प्रवास.

इथे उत्साहाला थोडा लगाम घालायला हवा. स्पंजमधून रिफामायसिन मिळालं म्हणजे क्षयावर नवं औषध मिळालं का? नाही. कुलूप तेच, चावी तीच. ज्या क्षयजंतूने रिफाम्पिसिनला चकवायला शिकून घेतलंय, तो समुद्रातल्या रिफामायसिनलाही चकवणार. अँटिबायोटिकच्या शोधात सगळ्यात जास्त वेळ गेला तो असाच, जुनंच पुन्हा शोधण्यात. जीनोमचा फायदा हा की प्रयोगशाळेत महिने घालवायच्या आधीच कळतं, हा फोल्डर जुना आहे, सोडून द्या.

आणि नवा फोल्डर ओळखायची एक चलाख युक्ती आहे. जो बॅक्टेरिया विष बनवतो, त्याला आधी स्वतःला वाचवावं लागतं. म्हणून विषाच्या जनुकांशेजारी तो बऱ्याचदा स्वतःची ढालही ठेवतो. विष ज्या प्रथिनाला मारणार, त्याच प्रथिनाची एक बदललेली, विषाला न बधणारी प्रत. आता एखाद्या फोल्डरमध्ये चरबी बनवणाऱ्या प्रथिनाची जास्तीची प्रत दिसली, तर? चोराच्या घरात एकाच कंपनीच्या कुलपाचे पन्नास नमुने सापडल्यासारखं आहे हे. तो कुठलं कुलूप फोडतो, ते न विचारता कळलं. २०१५ मध्ये सॅलिनिस्पोराचे ८६ जीनोम अशाच नजरेने चाळले गेले आणि थायोटेट्रोनिक आम्ल या गटातलं अँटिबायोटिक कसं बनतं, त्याची जनुकं हाती लागली. नुसतं अँटिबायोटिक नव्हे, ते जंतूला नेमकं कुठे मारतं हेही फाईलमधूनच. मला विचाराल तर या क्षेत्रात एआयच्या गाजावाजापेक्षा ही कल्पना जास्त खोल आहे.

फाईल आणि गोळी यांच्यामधलं अंतर

‘समुद्री स्पंजमध्ये सापडला सुपरबगचा काळ’ अशा मथळ्याची बातमी तुम्ही वाचली असेल, पुढेही वाचाल. ती वाचताना एक गोष्ट आधी बघा: जनुक सापडलंय, की रेणू, की उंदीर बरा झालाय, की माणूस? या चार पायऱ्यांमध्ये वर्षं आणि कोट्यवधी रुपये असतात. आणि मथळा नेहमी चौथ्या पायरीचा असतो.

एक मोठं उदाहरण. २०२४ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात एक काम आलं. जगभरातल्या ६३ हजारांहून जास्त मेटाजीनोम आणि जवळपास ८८ हजार जीनोम मशीन लर्निंगने चाळून संशोधकांनी जंतू मारू शकतील अशा सुमारे ८ लाख ६३ हजार पेप्टाइडची यादी केली. हा सगळा डेटा सार्वजनिक होता, लोकांनी आधीच अपलोड केलेला. पण त्यांतली प्रत्यक्ष बनवून पाहिली किती? शंभर. त्यातली ७९ चालली, ६३ रोगजंतूंवर चालली. हे प्रमाण खरंच थक्क करणारं आहे. पण ८ लाखांतून १०० हा आकडा सांगतो की अडथळा आता शोधण्यात नाही, बनवण्यात आहे.

स्पंजच्या बॅक्टेरियाचं बनवणं तर आणखी कठीण. तो वाढत नाही, म्हणून त्याची जनुकं काढून ई. कोलायमध्ये टाकायची असा प्रयत्न होतो. आयफोनचं ॲप अँड्रॉइडवर टाकल्यावर जे होतं तेच बऱ्याचदा होतं. फाईल कॉपी होते, पण ॲप चालत नाही. खालची सिस्टीम वेगळी, लागणाऱ्या लायब्ररी नाहीत. एन्टोथिओनेलाचं पॉलिथिओनामाइड नावाचं एक पेप्टाइड आहे. साध्या साखळीवर जवळपास पन्नास बदल करून ते तयार होतं, आणि हे सगळं फक्त सात एन्झाइम करतात. रसायनशास्त्रज्ञांना ते प्रयोगशाळेत जोडायला घाम फुटला होता. पीलच्याच गटाने मग वेगळा मार्ग काढला: याच प्रकारची जनुकं ज्याच्यात आधीपासून आहेत असा, पण बशीत वाढणारा दुसरा बॅक्टेरिया शोधला आणि त्याच्याकडून असे रेणू बनवून घेतले. तो पेपर २०१९ चा. ॲप पोर्ट करता येत नसेल, तर तीच सिस्टीम असलेला दुसरा फोन शोधा.

शिवाय प्रत्येक विष औषध नसतं. पॉलिथिओनामाइड पेशीच्या पडद्याला भोक पाडतं, आणि आपल्या पेशींनाही. अँटिबायोटिकचं कसब मारण्यात नसतं, जंतूला मारून माणसाला सोडून देण्यात असतं. स्पंजच्या जगातून आलेली आणि मान्यता मिळालेली औषधं कर्करोगावरची किंवा विषाणूंवरची आहेत. बॅक्टेरियावरचं एकही अजून केमिस्टच्या दुकानात पोचलेलं नाही.

समुद्राने अँटिबायोटिक दिलंच नाही असं मात्र नाही. १९४५ मध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटावर ज्युसेप्पे ब्रोत्झू यांनी सांडपाणी समुद्रात पडतं त्या जागेच्या पाण्यातून एक बुरशी वेगळी केली. तिच्यातून पुढे सेफॅलोस्पोरिनचं अख्खं घराणं आलं. तुमच्या घरी सेफिक्झिमची अर्धवट संपवलेली पट्टी पडली असेल तर तिचं मूळ गाव ते. पट्टीवर लाल उभी रेघ दिसेल. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असा तिचा अर्थ आहे. तो आपल्याकडे कितपत पाळला जातो हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही.

आणि सगळं जमलं तरी पैशाचं गणित फसतं. अमेरिकेत अकाओजेन या कंपनीचं प्लाझोमायसिन जून २०१८ मध्ये मंजूर झालं. एप्रिल २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत. नवं अँटिबायोटिक डॉक्टर जपून, शेवटचा उपाय म्हणून वापरतात. ते बरोबरच आहे, पण मग विक्री होत नाही. ब्रिटनने २०२२ मध्ये यावर नेटफ्लिक्ससारखी तोड काढली: किती वापरलं याच्याशी संबंध नाही, दोन अँटिबायोटिकसाठी कंपन्यांना वर्षाला ठरलेली रक्कम. आपल्याकडे मुंबईच्या वोक्हार्टचं नॅफिथ्रोमायसिन हे न्यूमोनियावरचं औषध सरकारी संस्थेच्या मदतीने आलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची घोषणा झाली. त्या कंपनीचं संशोधन छत्रपती संभाजीनगरला चालतं.

आता हक्काचं

नॅफिथ्रोमायसिनचे पूर्वज शोधत मागे गेलं की एरिथ्रोमायसिन लागतं. आणि तिथे एक जुनी जखम आहे. १९४९ मध्ये फिलिपिन्समधल्या इलोईलो प्रांतातली माती अबेलार्दो अग्विलार या डॉक्टरने आपल्या अमेरिकन कंपनीकडे, एली लिलीकडे पाठवली. त्या मातीतल्या बॅक्टेरियाने एरिथ्रोमायसिन दिलं. एका ब्रँडचं नाव इलोईलोवरून इलोसोन ठेवलं गेलं. अग्विलारांनी रॉयल्टीसाठी अनेक वर्षं मागणी केली, ती मिळाली नाही.

त्या काळी निदान माती तरी पाठवावी लागायची. पार्सल अडवता आलं असतं. २०१४ पासून लागू असलेला नागोया प्रोटोकॉल याच विचाराने बनला: दुसऱ्या देशातून वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव न्यायचे तर परवानगी घ्या, फायद्यात वाटा द्या. पण स्पंजच्या बॅक्टेरियाचा जीनोम अपलोड झाला की पार्सलच उरत नाही. झुरिकमध्ये, शेनझेनमध्ये किंवा जळगावच्या हॉस्टेलमध्ये बसून कुणीही तो उतरवू शकतो. कायद्याच्या भाषेत याला ‘डिजिटल सिक्वेन्स इन्फर्मेशन’ म्हणतात, आणि गेली काही वर्षं जगभरातले मुत्सद्दी या तीन शब्दांवर भांडतायत.

भीती पोकळ नाही. २०१८ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये आलेल्या अभ्यासात ८६२ समुद्री जातींचे पेटंटमध्ये घातलेले सुमारे १३ हजार जनुकीय क्रम मोजले गेले. त्यातले ४७ टक्के एकट्या बीएएसएफ या जर्मन कंपनीच्या नावावर होते.

उत्तर म्हणून सध्या तीन वेगवेगळे नियम शेजारी-शेजारी उभे आहेत. पहिला, कॅली फंड. कोलंबियात ठरला, फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झाला. असा डेटा वापरणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा एक टक्का किंवा उलाढालीचा ०.१ टक्का त्यात द्यावा. ‘द्यावा’, ‘द्यायलाच हवा’ नाही. माझं स्पष्ट मत: ऐच्छिक वर्गणीवर गणपती बसतो, औषध कंपन्यांच्या नफ्याचं वाटप होत नाही.

दुसरा, सुरुवातीला म्हटलेला समुद्राचा करार. हा किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या पलीकडच्या पाण्याला लागू होतो. तिथून गोळा केलेल्या प्रत्येक नमुन्याला एक ओळख क्रमांक मिळणार आणि पुढे त्याचा डेटा, पेपर, पेटंट जिथे जाईल तिथे तो क्रमांक सोबत जाणार. पार्सल ट्रॅकिंगसारखं. कल्पना मला पटते, कारण यात डेटाला कुलूप लागत नाही, फक्त माग राहतो. मात्र एक मेख आहे. ज्या स्पंजांची गोष्ट मी वर सांगितली, जपानचा, लाल समुद्राचा, ऑस्ट्रेलियाचा, ते सगळे किनाऱ्याजवळचे, देशांच्या हद्दीतले. त्यांना हा करार लागूच नाही.

तिसरा आपला. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने एप्रिल २०२५ मध्ये नवे विनियम काढले आणि त्यात डिजिटल सिक्वेन्सच्या माहितीलाही फायदा-वाटपाच्या कक्षेत घेतलं. पाच कोटींपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्याला काही द्यावं लागत नाही, त्यावर टप्प्याटप्प्याने ०.२ ते ०.६ टक्के. मालवणच्या खडकांवरचा किंवा मन्नारच्या आखातातला स्पंज या नियमाखाली येतो. छोट्या स्टार्टअपला सूट दिली हे चांगलं झालं. पण परदेशातल्या सर्व्हरवरून कुणी काय उतरवलं, हे चेन्नईतल्या कार्यालयाला कसं कळणार?

यावर काही जण म्हणतात, मग डेटाच बंद करा, लॉगिन लावा, भारतीय जीनोम भारतातच ठेवा. मला ते मान्य नाही. फरीदाबादला २०२२ पासून आपलं स्वतःचं जैविक डेटा केंद्र आहे, ते वाढायलाच हवं. पण दरवाजे बंद केले तर सगळ्यात आधी बाहेर कोण राहील? मोठ्या कंपनीकडे वकील आहेत, बोट आहे, स्वतःचं सिक्वेन्सिंग आहे. अडेल तो गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतला पीएचडीचा विद्यार्थी, ज्याला स्वतःचा एक जीनोम समजून घ्यायला इतरांचे हजार जीनोम शेजारी ठेवून बघावे लागतात. ते ८६ जीनोम, ते ८८ हजार जीनोम, सगळं उघडं होतं म्हणून काहीतरी सापडलं. वाटा डाउनलोडच्या वेळी मागू नये, विक्रीच्या वेळी सक्तीने मागावा. सिक्वेन्स कुठून आला हे पेटंटच्या अर्जात आणि औषधाच्या मंजुरीच्या अर्जात लिहिणं बंधनकारक करा. तिथे लपवणं अवघड असतं, आणि तिथेच पैसा असतो.

कॅली फंड ऐच्छिकच राहतो का, याचा पुढचा अंदाज ऑक्टोबर २०२६ मध्ये आर्मेनियातल्या येरेव्हानला येईल, तिथे जैवविविधता कराराची पुढची परिषद आहे. समुद्राच्या कराराची पहिली परिषद जानेवारी २०२७ च्या आत व्हायला हवी, कारण लागू झाल्यापासून एका वर्षात ती घ्यायची असं करारातच लिहिलंय. पैसे कसे वाटायचे, हा प्रश्न तिच्यापुढे असेल. भारताने या करारावर सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला सही केली आहे.